आल्प्स, स्वतःच्या हातांनी

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.

कंप्रेसरच्या सप्लायरने जानेवारीत दिलेली डायरी आज कपाटात सापडली. तीन महिने कोरे गेले. हरकत नाही. आजपासून रोज लिहिणार. निमित्तही तसंच आहे. काल पासपोर्ट परत आले, आत शेंगेनचा व्हिसा. खलास! आता माघार नाही.

लग्नाचा विसावा वाढदिवस आल्प्समध्ये. मी आणि ज्योत्स्ना. मुलगी रंजिताची बारावी सुरू झालीय, ती मंडळातल्या प्रवीणच्या घरी राहील. टूर कंपनी नको. कुणाच्या तरी छत्रीमागून पन्नास माणसांनी चालायचं आणि बसमध्ये थेपले खायचे, हे माझ्या स्वभावात नाही. मिलानला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि मी चालवायची. पास म्हणजे आपला घाट. असे पाच निवडलेत : गॉटहार्ड, फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन, नुफेनेन. पाचही एप्रिलमध्येच करणार. उन्हाळ्यात काय, कोणीही जातं.

अनुभवाचा प्रश्नच नाही. पंधरा वर्षं बहरीनच्या रस्त्यावर आहे. कंपनीचा फ्लीट सुपरवायझर आहे. बावीस गाड्या माझ्या सहीशिवाय यार्डातून हलत नाहीत. दर रविवारी ड्रायव्हर लोकांना सेफ ड्रायव्हिंगवर वीस मिनिटं बोलतो, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात.

ज्योत्स्ना मेथी निवडत होती. म्हणाली, तिकडं आता पाऊस असतोय म्हणं. मी म्हटलं, मी चिपळूणचा आहे. मग म्हणाली, गाडी गिअरची असली तर? मी हसलो. युरोपात असले मागास प्रकार नसतात.

५ एप्रिल, शनिवार.

गाडीचं ऑनलाइन बुकिंग केलं. फॉर्ममध्ये 'दुसरा चालक' असा एक चौकोन होता. ज्योत्स्ना मागे उभी. म्हणाली, माझं नाव घाला.

तिला इथलं लायसन्स नोव्हेंबरात मिळालं, पहिल्याच टेस्टला. मला तिसऱ्या वेळी मिळालं होतं, पण तेव्हाचे परीक्षक कडक होते. गाडी मात्र तिने अजून चालवलेली नाही. एक तर आम्ही राहतो त्या हूऱ्यातलं पार्किंग. दुसरं म्हणजे गाडीला माझ्या हाताची सवय झालीय. मुहर्रकच्या क्लिनिकमध्ये ती लॅब टेक्निशियन आहे, त्यांची व्हॅन सहा-दहाला दारात येते. मग हवी कशाला गाडी?

ती म्हणते, सतराव्या वर्षी तिने करूळ घाटात जीप चालवली. माझे सासरे लहूमामा गगनबावड्याला वडाप चालवायचे. वडाप म्हणजे आत चौदा, टपावर सहा आणि ड्रायव्हरच्या मांडीवर एक कोंबडी. त्याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत.

ती चहा ठेवायला गेली. चौकोन रिकामा ठेवला. सांगितलं, सिस्टिम दोन नावं घेत नाही. ती म्हणाली, अस्सं. मला वाटतं पटलं तिला.

९ एप्रिल, बुधवार.

काल-परवा लिहिणं झालं नाही. काम.

आज बुधवार असूनही जादा टूलबॉक्स टॉक ठेवला, मुद्दाम ओल्या रस्त्याचा विषय घेतला. शेवटी हमीदने हात वर केला. कण्णूरचा माणूस, बावीस वर्षं इथे ड्रायव्हर. म्हणाला, साब, उधर गाडी गिअरवाला मिलेगा. मेरा भाई इटली में है. यार्ड में पुराना पिकअप है ना, गिअरवाला, शाम को आधा घंटा आओ, मैं सिखा देता हूँ. मफी मुश्किल. (इथल्या अरबीत, काही अडचण नाही.)

सगळ्यांसमोर. मी शांतपणे म्हटलं, हमीद, थँक यू. सुपरवायझर ड्रायव्हरकडून शिकायला लागला तर उद्या शिस्त कुठे राहील? शिवाय मला गिअर येतो. भारतातलं लायसन्स गिअरचंच आहे. (टेस्टच्या दिवशी एजंटने गाडी चालवून दाखवली होती, कारण मला ताप होता. पण लायसन्स माझ्याच नावावर आहे.)

११ एप्रिल, शुक्रवार.

सराव सुरू. बहरीन सपाट, ही एकच अडचण. जबल दुखानला जाऊन आलो. देशातला सगळ्यात उंच डोंगर, एकशे चौतीस मीटर. चढ लागला कधी आणि संपला कधी ते कळलं नाही.

मग युक्ती सुचली. मॉलचं पार्किंग! तळघरातल्या बी-टूपासून सहाव्या मजल्यापर्यंत गोल रॅम्प. हुबेहूब घाट. अकरा वेळा वर गेलो, अकरा वेळा खाली आलो. सातव्या फेरीला गार्डने थांबवलं. शहजाद त्याचं नाव. विचारलं, भाईजान, जगह नहीं मिल रही? ये तीसरे माले पे पूरा खाली है. मी म्हटलं, आल्प्सची तयारी चालू आहे. त्याने वॉकी-टॉकीवर कुणाला तरी काहीतरी सांगितलं.

शेवटच्या फेऱ्यांना जरा डोकं जड झालं. पार्किंगमधला धूर. लहानपणी कुंभार्ली घाटात मला नेहमी झोप लागायची. आई म्हणते उलट्या व्हायच्या. आईचं वय झालंय.

१२ एप्रिल, शनिवार.

पावसाचा सराव. इथे वर्षातून चार दिवस पाऊस, त्या दिवशी रस्ते तुंबून सगळं बंद. म्हणून ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये गेलो. काचा बंद, वायपर फुल स्पीडवर, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. तीन वेळा. गाडी पट्ट्यावरून आपोआप पुढे सरकते, त्यामुळे पूर्ण लक्ष पावसावर देता आलं.

तिसऱ्या वेळी वायपर ब्रशमध्ये अडकून तुटला. आल्प्समध्ये ब्रश नसतात, त्यामुळे हा धोका तिथे नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार.

आपल्या मंडळाची भीमजयंती आज झाली. वक्ता मी. विषय 'स्त्री-पुरुष समता : आपली घरातली जबाबदारी'. बोललो असा की स्वतःलाच भरून आलं. बाबासाहेबांनी बायकांच्या हक्कांसाठी मंत्रिपदावर पाणी सोडलं, आपण काय सोडतो, असा सवाल केला. टाळ्या. प्रवीण सेक्रेटरी आहे, त्याने स्टेजवरच जाहीर केलं : १६ मेच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात अनिरुद्ध गमरे यांचं (म्हणजे माझं) सचित्र व्याख्यान, 'आल्प्स : स्वतःच्या हातांनी'. नाव मीच सुचवलं होतं. पुन्हा टाळ्या.

बाहेर ज्योत्स्ना म्हणाली, भाषण झ्याक झालं. घरापर्यंत मी चालवू का?

समता वेगळी आणि शुक्रवारचं ट्रॅफिक वेगळं. हे तिला नीट समजावून सांगितलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, म्हणजे समजलं.

२१ एप्रिल, सोमवार.

रंजिताने पाच स्क्रीनशॉट पाठवले. पाचही पास बंद. बर्फ. काही मेअखेर उघडणार, काही जूनमध्ये. खाली लिहिलं होतं, बाबा, डिड यू इव्हन चेक?

या मुलांचा सगळा विश्वास फोनवर. पंधरा वर्षं बघतोय, काउंटर बंद असतो, आपण सलाम करून उभं राहायचं, दोन गोष्टी बोलायच्या, उघडतो. इंशाल्ला. नकाशा ऑफिसात लॅमिनेट करून घेतला, पाच लाल रेघांसकट.

आणि व्याख्यानासाठी पुरावा हवा म्हणून हमीदच्या व्हॅनमधला डॅशकॅम काढून घेतला. दोन भिंगांचा आहे. एक रस्त्याकडे, एक आत चालकाकडे. सगळ्या गाड्यांत मीच बसवून घेतले. तेव्हा ड्रायव्हर लोकांनी कुरकुर केली होती. मी एकच वाक्य बोललो : माणूस खोटं बोलतो, कॅमेरा नाही. हे वाक्य घरीही बऱ्याचदा म्हणतो.

२३ एप्रिल, बुधवार.

बॅगा भरल्या. ज्योत्स्नाने आलेपाक, लिंबं आणि कोऱ्या प्लास्टिक पिशव्यांचं एक बंडल घेतलं. विचारलं कशाला. म्हणाली, असू द्यात. अज्ञान.

२४ एप्रिल, गुरुवार. मिलान.

पाऊस. उतरल्यापासून.

गाडी गिअरची निघाली. काउंटरवरच्या बाईंनी बुकिंगचा कागद फिरवून दाखवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं. ऑटोमॅटिक एकही शिल्लक नाही. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम.

तेवढ्यात ज्योत्स्नाने विचारलं, सेकंड ड्रायव्हर पॉसिबल? बाई म्हणाल्या, शुअर, लायसन्स आणि इथे एक सही. दोन मिनिटांत झालं. ज्योत्स्नाने पर्समधून लायसन्स काढलं. त्याच्याबरोबर इंटरनॅशनल परमिटही होतं, तिच्या नावाचं. कधी काढलं कुणास ठाऊक. मग तिने माझ्याकडे पाहिलं. इटलीची सिस्टिम वेगळी असावी असं मी म्हटलं.

पार्किंगमध्ये गाडी सात वेळा बंद पडली. नवीन गाडी, क्लच कडक. ज्योत्स्ना म्हणाली, हळू सोडा की, बेडकागत उड्या काय मारतासा. हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये नेली आणि बदलण्याची गरज ठेवली नाही. या गाडीत वायपरचा दांडा आणि इंडिकेटरचा दांडा अगदी सारखे दिसतात, त्यामुळे पन्नासेक किलोमीटर आम्ही डावीकडे वळणार असल्याचं सांगत सरळ गेलो.

कॅमेरा चालू होता. व्याख्यानात हा भाग घ्यायचा नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार. लुगानोच्या तळ्यावरचं एक गाव.

काल लिहायचं राहिलेलं लिहितो. हॉटेल डोंगरावर. रस्ता एका गाडीपुरता आणि वळणांवर वळणं. पाऊस असा की बॉनेट दिसेना. दुसऱ्या वळणावर वरून पिवळी पोस्टबस आली. तिथे कायदा असा की बसला वाट द्यायची. म्हणजे मी मागे यायचं. उतारावर. पावसात. गिअरच्या गाडीत.

मी रिव्हर्स टाकला. गाडी पुढे गेली. बस आणि आमच्यात एक वीत उरली. पुन्हा टाकला. बंद पडली. सुरू केली, मागे घसरली, दगडी भिंतीपाशी थांबली. मागच्या तीन गाड्या कधीच मागे सरकून वाट देऊन उभ्या. बसने भोंगा वाजवला, तीन सुरांचा, फार गोड. बसची ड्रायव्हर बाई होती. काच खाली करून ती काहीही न बोलता बघत होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ज्योत्स्ना उतरली. छत्री न घेता. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि पावसात उभी राहिली. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब, येतंय. ती म्हणाली, सरा तिकडं.

वीस वर्षांत ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मी सरलो. बाहेर उतरायला भीती वाटली म्हणून गिअरवरूनच सरलो.

तिने चपला काढून मागे टाकल्या. आरशात एकदा पाहिलं. गाडी एका दमात मागे गेली, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, वळणाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. बस शेजारून उतरली. त्या बाईने स्टिअरिंगवरचा हात उचलून ज्योत्स्नाला सलाम केला. ज्योत्स्नानेही केला. जणू दोघी करूळ घाटात रोज भेटतात.

तिला मी संधी दिली, हे बरं झालं. तिचा आत्मविश्वास वाढेल. उद्यापासून पुन्हा मी.

२६ एप्रिल, शनिवार. आन्डरमाट.

पाऊस. आज तीच चालवत होती, कारण माझ्या मनगटात लचक आहे. मी नेव्हिगेटर. नेव्हिगेटरचं पद ड्रायव्हरच्या वरचं असतं, विमानातसुद्धा.

गॉटहार्ड पास बंद. म्हणून बोगद्यातून आलो. सतरा किलोमीटर. आल्प्स खाली आहेत का वर, काही कळत नव्हतं. नकाशावरची पहिली लाल रेघ झाली असं धरतोय.

एक अडचण. नकाशा वाचताना पोटात ढवळायला लागलं. गेशेनेनहून वर चढणाऱ्या वळणांवर काच खाली करायला सांगितलं. उशीर झाला. ज्योत्स्नाने रस्त्यावरची नजर न काढता डाव्या... नाही, उजव्या हाताने पिशवी पुढे केली. आधीच उघडून ठेवली होती.

मिलानच्या विमानातलं चिकन असणार.

२७ एप्रिल, रविवार.

पाऊस, मग गारा, मग पाऊस. फुर्काच्या रस्त्यावर लाल-पांढरा आडवा दांडा. बंद. मी उतरलो. नारिंगी जॅकेट घातलेला एक माणूस बर्फ हटवायचं मशीन पुसत होता. सलाम केला. दोन गोष्टी बोललो. बहरीनहून आलोय, लग्नाचा वाढदिवस आहे, असं सांगितलं. लॅमिनेट केलेला नकाशा दाखवला. त्याने नकाशा नीट पाहिला, अभिनंदन केलं आणि म्हणाला, जून.

या लोकांना व्यवहार कळत नाही.

परत येताना तीन पिशव्या. ज्योत्स्ना म्हणाली, डोळे मिटा आणि आलेपाक चघळा, आमच्या वडापातली म्हातारी माणसं असंच करायची. मी डोळे मिटले. पोटापुरतं बरं आहे.

२८ एप्रिल, सोमवार. ब्रिग.

आज फुर्का ओलांडला! गाडी चढवली रेल्वेच्या वॅगनवर, वॅगन गेली बोगद्यात. आत अंधार, गाडीचं इंजिन बंद, हँडब्रेक वर. मी ज्योत्स्नाला विनंती केली की तेवढा वेळ मला ड्रायव्हर सीटवर बसू दे. ती बसू देईना. मग म्हणाली, बसा, नाहीतरी गाडी बांधून ठेवल्याली हाय. पंधरा मिनिटं स्टिअरिंग धरून बसलो. उत्तम नियंत्रण. व्याख्यानात हा भाग मुख्य.

ग्रिम्सेल, नुफेनेन : बंद, पाटी पाहिली. सुस्टेन : पाटीही पाहिली नाही, डोळे मिटले होते.

ज्योत्स्ना गाडी चालवताना गुणगुणते. हे मला माहीत नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार. दोमोदोस्सोला.

आज लग्नाचा वाढदिवस. सिम्प्लॉन पास. हा एकच उघडा आणि हाच माझ्या यादीत नव्हता. ज्योत्स्नाने हॉटेलवाल्याला विचारून ठरवला. पावसाला खळ नाही. मी डोळे मिटून. पण गिअर बदलताना गाडी कधी हिसकत नाही हे मिटल्या डोळ्यांनीही कळतं. माझ्या हातात ऑटोमॅटिकसुद्धा हिसकते.

माथ्यावर ती थांबली. मी डोळे उघडले. धुकं, दोन्हीकडे पुरुषभर बर्फ आणि पाऊस. ती उतरून पुढे गेली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. लहूमामा असं करायचे म्हणे. घाट चढून आलं की प्रवासी उतरायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचे, ढोराच्या पाठीवर ठेवतात तसा. मामांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा तिला लीव्ह मिळाली नव्हती. म्हणजे मिळत होती, पण मी म्हटलं होतं की आता जाऊन काय उपयोग.

तिचा चेहरा ओला होता. पाऊस होता. मी उतरायला हवं होतं. दाराच्या कडीला हात लावला होता. या बाईला मी इतकी वर्षं व्हॅनमध्ये बसवून पाठवलं असं एकदम वाटलं, आणि पोटात पुन्हा ढवळलं. यावेळी रस्ता सपाट होता.

उंचीमुळे असेल. दोन हजार मीटरवर असं होतं.

१ मे, गुरुवार. विमानात.

ज्योत्स्नाशी बोललो. व्याख्यानात असं सांगू की आळीपाळीने चालवली. ती म्हणाली, तुमच्या तोंडाला काय यील ते सांगा, मी कुठं मधी येतीय. मग खिडकीकडे वळून झोपली. विमानात मला गाडी लागत नाही, याची नोंद घ्यावी.

४ मे, रविवार.

कामावर हजर. डॅशकॅम हमीदच्या व्हॅनमध्ये परत बसवला. कार्डावरचं सगळं आधी रंजिताने लॅपटॉपवर घेतलंय. तिला दहा मिनिटांची फिल्म करायला सांगितलं. स्पष्ट सूचना : फक्त रस्त्याकडचं भिंग. निवेदन मी करणार.

हमीदने विचारलं, साब, गाडी कैसा था? म्हटलं, फर्स्ट क्लास. गिअर का? म्हटलं, हो. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. मनाने चांगला आहे.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.

पहाटे वंदना घेतली. पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, थोडा खोकला आला. व्याख्यानाची तालीम केली. 'वळणावर मी काय करतो' हा भाग छान जमलाय.

१७ मे, शनिवार.

काल लिहिलं नाही. आज लिहायचं म्हणून लिहितो.

हॉल भरलेला. दीडशे माणसं. वंदना झाली, खीर झाली, मग मी. दिवे मालवले. मी सुरुवात केली, 'मित्रहो, स्टिअरिंग हे एक नातं असतं.' पडद्यावर फिल्म सुरू झाली आणि लोक हसले. मला वाटलं वाक्याला हसले. म्हणून आणखी जोरात बोललो. 'वळण दिसलं की मी आधी दुसरा गिअर टाकतो.' अख्खा हॉल हसून लोळला.

मागे वळून पाहिलं. पडदा उभा दुभागलेला. डावीकडे रस्ता. उजवीकडे गाडीच्या आतलं. ज्योत्स्ना अनवाणी, चालवतेय, गुणगुणतेय. शेजारी मी, डोळे मिटलेले, तोंडात आलेपाक, दोन्ही हातांत पिशवी धरलेली. खाली कोपऱ्यात दिनांक आणि वेळ, कारण कॅमेरा चांगल्या प्रतीचा आहे.

रंजिताकडे पाहिलं. ती लॅपटॉपमागे उभी होती. तिने नजर हटवली नाही. घरी विचारलं तेव्हा म्हणाली, कॅमेरा डझन्ट लाय, बाबा. यू ऑल्वेज से. अँड मम्मा नेव्हर वुड हॅव सेड इट.

प्रवीणची आई चंपाबाई व्हिजिट व्हिसावर आलीय, साताऱ्याची, पहिल्या रांगेत बसली होती. ती मोठ्यांदा म्हणाली, अरं, गाडी त्या बाईच्या हातात दिसतीया की. मग ह्यो का बोलतुया? तिला बोलवा. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. मी माइक खाली ठेवला. ठेवताना तो किंचाळला, माइकची तशी सवय असते.

ज्योत्स्ना वर आली. मी ठेवलेला माइक उचलला. मग बोलली. क्लच, चढ, पिवळी बस, त्या ड्रायव्हर बाईचा सलाम. सिम्प्लॉनच्या माथ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, माझ्या बापाला मी शेवटचं बघितलं न्हाई, पण त्या दिवशी त्यो माझ्या शेजारी बसला हुता. शेजारी मी बसलो होतो. पण ती चुकीचं बोलली असं मला वाटलं नाही.

माझ्याबद्दल एक शब्द नाही. वाईटही नाही. ते फार लागलं.

शेवटी पाच बायका तिच्याभोवती, लायसन्सचं विचारत. चंपाबाईने तिची अलाबला घेतली. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. पार्किंगमध्ये तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. हूऱ्यात आमच्या गल्लीत दोन पिकअपच्या मधे, जिथे मी कधी प्रयत्नही केला नाही, तिथे तिने एका दमात लावली.

ठरवलंय : उद्यापासून गाडी आलटून-पालटून. एक आठवडा ती, एक आठवडा मी. हे मी उद्या तिला ठामपणे सांगणार.

१८ मे, रविवार. सकाळी ६.४०.

सांगायच्या आधी ती गेली. सहा वाजता, गाडी घेऊन, मुहर्रकला. टेबलावर चिठ्ठी : डबा भरलाय, क्लिनिकची व्हॅन बंद केली, तुमच्या कंपनीची व्हॅन सहा-चाळीसला कोपऱ्यावर येते.

कोपऱ्यावर उभा आहे, उभ्या उभ्या लिहितोय. आज टूलबॉक्स टॉक आहे. विषय 'क्लच आणि चढ' असा महिन्याभरापूर्वीच जाहीर केलाय. मजबूत तयारी आहे.

सकाळी ७.०५. व्हॅनमध्ये.

हमीदची व्हॅन. आत नऊ ड्रायव्हर. चढलो तशी सगळी एकदम गप्प झाली. डॅशकॅम जागच्या जागी. तेव्हा लक्षात आलं. कार्ड. रंजिताने लॅपटॉपवर घेतलं, पण कार्डावरून पुसलं नव्हतं कुणीच, आणि दोन आठवडे ते याच व्हॅनमध्ये होतं.

हमीद उतरला, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवून मला तिथे, खिडकीपाशी बसवलं. काच अर्धी खाली केली. डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक कोरी पिशवी काढली, तोंड उघडून माझ्या मांडीवर ठेवली. थट्टा नव्हती त्यात, तेच वाईट. म्हणाला, साब, मफी मुश्किल. पूरा सीधा रोड है.